पडदा थांबला म्हणजे संगणक थांबला काय?

आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात आज चौदा संगणक आहेत आणि त्यांपैकी एकही नवा घेतलेला नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरचे, दुकानातले, कार्यालयांनी मोडीत काढलेले संगणक वेळोवेळी आणून दिले. आम्ही त्यांवर डेबियन लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवली आणि ते मुलांच्या हाती दिले. 'आम्ही' म्हणजे दोन शिक्षक आणि सुटीच्या दिवशी येणारे तीन माजी विद्यार्थी. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा प्रथम देणगीदारांचे आभार मानणारा लेख लिहावा असे मनात आले. परंतु या कक्षात आम्हांला सर्वाधिक वेळा ऐकू आलेले वाक्य एकच आहे: "सर, कॉम्प्युटर हँग झाला." त्या वाक्याविषयीच लिहावे असे अखेर ठरले. कारण त्यापायी एका विद्यार्थिनीचे नुकसान झाले आणि ते आमच्या अज्ञानामुळे झाले.

ती तेव्हा नववीत होती. वसतिगृहाच्या कोठारातील तांदूळ, डाळ, तेल यांची रोजची आवक-जावक नोंदवणारा एक लहानसा प्रोग्रॅम ती पायथन भाषेत लिहीत होती. तिच्या संगणकात रॅम इतकी थोडी होती, की त्यावर खिडक्या आणि चिन्हे असलेला पडदा आम्ही ठेवलाच नव्हता. काळा पडदा आणि पांढरी अक्षरे, म्हणजे ज्याला कन्सोल म्हणतात, तेवढाच ठेवला होता. एका संध्याकाळी लिहिलेले जतन करावे म्हणून तिने सवयीने कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या. पडदा जागच्या जागी थांबला. कोणतीही कळ दाबली तरी अक्षर उमटेना. तिने आमच्यापैकी एकाला बोलावले. त्याने दहा-पंधरा कळा दाबून पाहिल्या आणि शेवटी मागची वायर काढली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर फाईल जुन्याच अवस्थेत दिसली. दोन संध्याकाळींचे लेखन त्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी 'वारंवार हँग होतो' अशी चिठ्ठी चिकटवून तो संगणक दुरुस्तीस गेला आणि दुकानातून डिस्क पुसून, नवी प्रणाली टाकून परत आला.

वस्तुतः त्या संगणकाला काहीही झालेले नव्हते. कंट्रोल आणि क्यू या दोन कळा दाबल्या असत्या, तर पडदा तत्क्षणी चालू झाला असता. इतकेच नव्हे, ती विम नावाच्या ज्या संपादकात लिहीत होती, तो दर दोनशे अक्षरांनंतर, किंवा हात चार सेकंद थांबला तरी, एक छुपी प्रत डिस्कवर उतरवून ठेवतो. म्हणजे वायर काढल्यानंतरही तिचे लेखन बहुधा तेथेच होते. ते पुसले गेले दुकानात. हे सारे आम्हांला दोन महिन्यांनी कळले. तोवर तिने तो प्रोग्रॅम आधी वहीत आणि मग संगणकावर असा दुसऱ्यांदा लिहून काढला होता.

कंट्रोल-एस असे का वागते, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. लिनक्स ज्या कुळातली प्रणाली आहे ती युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज येथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, अर्थात तारेने जोडलेला टंकलेखक. त्यातील प्रसिद्ध 'मॉडेल ३३' सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवीत असे. संगणक त्याहून वेगाने मजकूर पाठवू लागला की त्याला 'थांब' असे सांगण्याची सोय हवी होती, आणि कागद सरसावून झाल्यावर 'चालू दे' असे सांगण्याचीही. 'थांब'साठी कंट्रोल-एस आणि 'चालू दे'साठी कंट्रोल-क्यू असे संकेत त्यातून रूढ झाले. टेलिटाइप संग्रहालयात गेले. परंतु लिनक्सच्या कन्सोलला आजही त्याच यंत्राच्या नावावरून 'टीटीवाय' असे म्हणतात आणि तो आजही ती जुनी आज्ञा निमूटपणे पाळतो. दुसरीकडे, विंडोजवर वाढलेल्या मुलांच्या बोटांना कंट्रोल-एस म्हणजे 'जतन कर' एवढेच ठाऊक. आम्ही आता प्रत्येक खात्यात 'एसटीटीवाय' या आदेशाने ही सोय बंद करून ठेवतो. कीबोर्डवरील स्क्रोल लॉक ही कळही कन्सोलवर हेच करते, म्हणून तीही तपासावी.

या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला. पडदा थांबला की वायरीला हात लावायचा नाही. नेमके काय थांबले आहे ते आधी विचारायचे. 'हँग' हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या अवस्थांना वापरतो. समोर दिसणारा प्रोग्रॅम अडला असेल. पडद्याचा ताबा घेणारा ग्राफिक्सचा भाग अडला असेल. डिस्कची वाट पाहत सारे प्रोग्रॅम रांगेत उभे असतील. या सर्वांच्या मुळाशी असलेला कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, तोच कोलमडला असेल. किंवा कर्नलच्याही खाली असलेल्या यंत्राने मान टाकली असेल. पडद्यावर मात्र हे सारे सारखेच दिसते.

पहिली परीक्षा अगदी साधी आहे. नम लॉक ही कळ दाबावी आणि तिचा दिवा पाहावा. आपल्याला वाटते की कळ दाबली म्हणून कीबोर्ड स्वतःच दिवा लावतो, तसे नाही. कीबोर्ड फक्त 'कळ दाबली' एवढेच संगणकाला कळवतो आणि दिवा लावण्याची आज्ञा संगणकाकडून उलट येते. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि पुढचे प्रयत्न करण्यात अर्थ आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. लिनक्समध्ये एकाच पडद्यामागे अनेक कन्सोल असतात. एक अडला तरी दुसऱ्यावर नाव-संकेतशब्द देऊन आत जाता येते आणि अडलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करता येतो. वर्गातील एका खिडकीचे दार अडकले म्हणून आपण शाळा बंद करीत नाही, तसेच हे आहे.

दुसरा कन्सोलही उघडला नाही तर शेजारच्या संगणकाकडे जावे. तेथून अडलेल्या संगणकाला आधी 'पिंग' करावे, मग 'एसएसएच'ने आत शिरण्याचा प्रयत्न करावा. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. पिंगला उत्तर देण्याचे काम कर्नल स्वतः करतो, त्यासाठी त्याला कोणत्याही प्रोग्रॅमला उठवावे लागत नाही. एसएसएचसाठी मात्र प्रोग्रॅम जागा व्हावा लागतो, त्याला रॅम आणि डिस्क लागते. पिंगला उत्तर येते पण आत शिरता येत नाही, असे झाले तर दोष बहुधा डिस्कमध्ये किंवा रॅमच्या टंचाईत शोधावा. दोन्ही जमले तर संगणक धडधाकट आहे, बिघाड केवळ पडदा, कीबोर्ड किंवा ग्राफिक्सपुरता आहे. कशालाच उत्तर नाही आणि कीबोर्डावरचे कॅप्स लॉक व स्क्रोल लॉकचे दिवे आपोआप उघडझाप करीत आहेत, असे दिसले तर कर्नल कोलमडला असून तो तसे सांगत आहे. ही उघडझाप गोल पिनांच्या जुन्या कीबोर्डावर आणि लॅपटॉपवर दिसते, यूएसबी कीबोर्डावर दिसत नाही. त्यासाठी एक पिवळा पडलेला गोल पिनांचा कीबोर्ड आम्ही कपाटात जपून ठेवला आहे. कर्नल कोलमडताना जो मजकूर लिहितो तो वर्षानुवर्षे खिडक्या-चिन्हांच्या पडद्याआड दडून राहत असे. २०२४ मधील ६.१० या आवृत्तीपासून तो पडद्यावर दाखवण्याची सोय कर्नलमध्ये आली खरी, पण ती सर्वच ग्राफिक्सवर चालत नाही.

सगळे उपाय थकले तरी वायर काढण्यापूर्वी एक पायरी उरतेच. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून धरून क्रमाने एस, यू आणि बी या कळा, प्रत्येकीत दोन-चार सेकंदांचे अंतर ठेवून दाबाव्यात. एस म्हणजे रॅममध्ये राहिलेले लेखन डिस्कवर उतरव, यू म्हणजे डिस्क केवळ वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे पुन्हा सुरू हो. ही विनंती थेट कर्नलकडे जाते, म्हणून इतर सर्व प्रोग्रॅम अडलेले असतानाही ती बहुधा ऐकली जाते. हिचे महत्त्व असे, की आपण एखादी फाईल जतन केली तरी लिनक्स ती लगेच डिस्कवर लिहीलच असे नाही. मूळ मांडणीत सुमारे ३० सेकंदांपर्यंत ती रॅममध्येच थांबू शकते. वायर ओढणारा हात ती ३० सेकंदे पुसून टाकतो. आमच्या कक्षात 'एस, यू, बी' ही अक्षरे भिंतीवर लिहिलेली आहेत. पाहुणे त्यांचा अर्थ विचारतात आणि पाचवीतली मुलेही तो सांगतात.

आमच्या वहीतील सर्वाधिक नोंदी मात्र खऱ्या बिघाडाच्या नाहीतच, त्या टंचाईच्या आहेत. एक किंवा दोन जीबी रॅमच्या संगणकावर आजचा ब्राउझर उघडला आणि त्यात चार पाने उघडली, की रॅम भरते. मग कर्नल रॅममधील काही भाग डिस्कवर हलवू लागतो आणि हवा असेल तेव्हा परत आणू लागतो. फिरत्या तबकडीची डिस्क रॅमहून कित्येक हजार पटींनी मंद असते. संगणक सारा वेळ या ने-आणीतच घालवतो, माऊसचा बाण पाच सेकंदांनी एकदा सरकतो आणि मूल हात वर करते. ओळखण्याची खूण म्हणजे, ज्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो त्या डब्यावरचा डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला असतो. येथे औषध म्हणजे धीर, आणि धीर संपला तर ऑल्ट, प्रिंट स्क्रीन आणि एफ: यातून कर्नलला 'सर्वांत जास्त रॅम खाणाऱ्या प्रोग्रॅमला बंद कर' असे सांगता येते. मात्र ही परवानगी आधी मांडणीत द्यावी लागते. कायमच्या उपायांत आम्हांला सर्वाधिक फळ मिळाले ते फिरत्या डिस्कऐवजी छोटी एसएसडी बसवण्यातून. रॅममधील मजकूर दाबून ठेवणारी 'झेडरॅम' ही सोय चालू करण्याचाही चांगला उपयोग झाला, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

याच कुळातला दुसरा प्रकार खरोखर यंत्राचा असतो. एखादा प्रोग्रॅम डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत अशा झोपेत जातो की त्याला बंदही करता येत नाही. १२० सेकंदे उलटली की कर्नल तशी तक्रार आपल्या नोंदीत लिहून ठेवतो. 'डीमेसेज' या आदेशाने ती नोंद वाचता येते. आमच्या एका संगणकात अशा तक्रारींच्या पाठोपाठ डिस्कच्या जोडणीच्या चुका दिसत होत्या. डिस्क स्वतःची जी आरोग्यपत्रिका ठेवते, तिच्यातील १९९ क्रमांकाचा आकडाही वाढत होता. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या मजकुराची मोजणी करतो. तो वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्यावा. आम्ही केबल बदलली, तक्रार थांबली. या डिस्कला दोनदा भंगारात घालण्याचे ठरले होते, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो.

आता प्रश्न पडद्याच्या ताब्याचा. पुष्कळ जुन्या संगणकांवर लिनक्स सुरू होताना काही ओळी सरसर वर जातात आणि मग पडदा काळा होतो तो होतोच. येथे घडते ते असे. आरंभी पडदा संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडे असतो. काही क्षणांनी कर्नलमधील ग्राफिक्सचा ड्रायव्हर तो आपल्या ताब्यात घेतो आणि पडद्याचा आकार व वेग ठरवतो. हे काम कर्नलने स्वतः करावे ही पद्धत २००९ च्या सुमारास लिनक्समध्ये आली. ग्राफिक्सची चिप फार जुनी, फार नवी किंवा फार अपरिचित असेल तर हा हस्तांतरणाचा क्षण फसतो. पडदा काळा राहतो, पण आत संगणक पूर्ण सुरू झालेला असतो. शेजारून एसएसएच केले की आत जाता येते. अशा वेळी सुरुवातीच्या यादीत ई ही कळ दाबून, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा एकच शब्द जोडून पाहावा. 'पडद्याची मांडणी बदलू नकोस' असा त्याचा अर्थ. चित्रे थोडी ओबडधोबड दिसतात, परंतु संगणक वापरात येतो आणि मग खरा ड्रायव्हर शोधण्यास सवड मिळते.

कन्सोलविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकू. पालकांनी अनेकदा विचारले आहे की हा काळा पडदा मराठी का बोलत नाही. कन्सोलच्या अक्षरसंचात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि तो एका चौकटीत एक आकृती एवढेच जाणतो. आपल्या लिपीत जोडाक्षरे आहेत, आणि ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनानंतर लिहून व्यंजनाआधी दाखवावी लागते. ते त्याच्या आवाक्याबाहेर आहे. सी-डॅकने एकेकाळी जिस्ट कार्ड नावाचे वेगळे हार्डवेअर बनवले होते. ते बसवले की डॉसच्या अशाच मजकुरी पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. आज खिडक्या असलेल्या पडद्यावर मराठी उत्तम चालते, कन्सोलवर मात्र रिकाम्या चौकटी उमटतात. त्यामुळे मराठीत मांडणी केलेल्या संगणकावर कन्सोलपुरती भाषा इंग्रजी ठेवावी लागते, नाहीतर संकटकाळी आलेली सूचना कोणालाच वाचता येत नाही.

कधी कधी दोष मुळात प्रोसेसरच्या घडणीत असतो आणि प्रणालीला त्यावर पट्टी बांधावी लागते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये असे उघडकीस आले, की इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरला एक विशिष्ट चुकीची आज्ञा दिली तर तो जागीच गोठतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यावरचा उपाय थोड्याच दिवसांत आला. अलीकडचे उदाहरण 'बे ट्रेल' या कुळातील प्रोसेसरांचे. २०१३ पासून स्वस्त लॅपटॉपांत आणि छोट्या संगणकांत ते मोठ्या प्रमाणावर आले. काम नसताना प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी टप्प्याटप्प्याने गाढ झोपेत जातो. या कुळातील पुष्कळ संगणक लिनक्स चालवताना त्या गाढ झोपेतून परत येत नसत. पडदा, कीबोर्ड, पिंग, सगळेच एकदम थांबे, आणि नोंदीत एक ओळही मिळत नसे. जगभरातील वापरकर्त्यांनी महिनोन्महिने चाचण्या करून जो तात्पुरता उपाय शोधला तो असा, की सुरुवातीच्या ओळीत एक सूचना देऊन प्रोसेसरला झोपेच्या पहिल्याच पायरीवर रोखावे. वीज थोडी अधिक जाते, संगणक मात्र थांबत नाही. आपल्या घरी त्या काळातला स्वस्त लॅपटॉप लिनक्सवर गोठत असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी प्रोसेसरचे कूळ पाहावे.

यंत्राच्या बाकीच्या व्याधी आपल्या ओळखीच्याच आहेत. उन्हाळ्यात पंख्याभोवती साठलेली धूळ. रॅमच्या सोनेरी कडांवर बसलेला मळ, जो काढण्यास साधे खोडरबर पुरते. २००० नंतरच्या काही वर्षांतील मदरबोर्डांवरचे माथे फुगलेले कपॅसिटर. रॅमचा संशय असेल तर 'मेमटेस्ट' रात्रभर चालवावी, दहा मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये. मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग डिस्क तपासणारा प्रोग्रॅम 'हिचा शेवटचा वापर भविष्यकाळात झालेला दिसतो' अशी शंका काढून आरंभीच अडू शकतो. तो अडलेला नसतो, उत्तराची वाट पाहत असतो. पडद्यावरची शेवटची ओळ वाचावी, हे आम्ही मुलांना शिकवतो आणि स्वतः पुष्कळदा विसरतो.

'हा संगणक लिनक्सला चालतो का?' हा प्रश्न माजी विद्यार्थी आम्हांला संगणक पाठवण्यापूर्वी विचारतात. त्याचे उत्तर संगणकाच्या नावावर क्वचितच ठरते, ते आतल्या एकेका भागावर ठरते. प्रत्येक कार्डावर दोन चार-अंकी संकेत कोरलेले असतात, एक निर्मात्याचा आणि एक त्या भागाचा. इंटेलने आपल्या गाजलेल्या चिपच्या आठवणीत ८०८६ हा संकेत घेतला आहे. कर्नल हे संकेत वाचून त्याला साजेसा ड्रायव्हर जोडतो, आणि 'एलएस-पीसीआय' हा आदेश कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर मिळाला ते दाखवतो. ज्याच्यापुढे ड्रायव्हरचे नाव नाही, तो भाग मुका राहणार. काही भागांना, विशेषतः वायफायला, ड्रायव्हर असूनही फर्मवेअर नावाची एक फाईल लागते. ती बहुतेक वेळा निर्मात्याच्या मालकीची आणि बंदिस्त असते. मुक्ततेच्या तत्त्वासाठी डेबियनने ती वर्षानुवर्षे आपल्या मुख्य प्रतीत ठेवली नाही आणि आमच्यासारख्यांना ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन फिरावे लागे. २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ती प्रतिष्ठापनेच्या प्रतीतच मिळते. तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झाली. आम्हांला ती समजते. परंतु वायफाय नसलेल्या संगणकावर मुक्त प्रणाली पोहोचणार तरी कशी, हाही प्रश्न आहे.

'लिनक्स कोणत्याही जुन्या संगणकावर चालते' असे मात्र कोणी आता म्हणू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर ही प्रणाली लिहिली, त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरमध्ये कर्नलमधून काढून टाकण्यात आला, आणि त्यांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली नाही. जुना भाग सांभाळायलाही कोणाचे तरी कष्ट लागतात. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी प्रतिष्ठापनेची प्रत आणि कर्नल देणे थांबले. म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे: प्रोसेसर ६४-बिट असल्याची खात्री करावी, रॅम किमान ४ जीबी असावी किंवा तेवढी वाढवता यावी. शक्य असल्यास डेबियनची पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रत लावून पडदा, आवाज आणि वायफाय चालतात का ते पाहावे. डिस्क न बदलताच ही परीक्षा होते. आणि संगणकात पूर्वी काही त्रास असेल तर तो लपवू नये. 'दुपारी तापला की बंद पडतो' एवढे एक वाक्य आमचे दोन रविवार वाचवते.

कक्षात आता प्रत्येक संगणकासाठी एक वही आहे. थांबला तर तारीख, वेळ, त्या वेळी काय चालले होते, नम लॉकचा दिवा, पिंग, आणि शेवटची ओळ, एवढे त्यात लिहायचे. नवव्या क्रमांकाची वही सर्वांत जाड आहे. हा संगणक तीन-चार दिवसांतून एकदा पूर्णपणे थांबतो. दिवा नाही, पिंग नाही. मेमटेस्ट दोन रात्री चालवली, एकही चूक निघाली नाही. एसएमपीएस बदलला, फरक पडला नाही. अशा थांबण्यात शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून त्याच्या कर्नलचे बोलणे नेटवर्कच्या तारेने तत्काळ शेजारच्या संगणकावर पाठवणारी 'नेटकन्सोल' ही सोय आम्ही लावली. ती लावण्याचे काम कोठाराचा प्रोग्रॅम दोनदा लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीने केले. ती आता दहावीत आहे आणि नवव्या क्रमांकाची वही तिच्याचकडे असते. मागच्या वेळी तो थांबला तेव्हा शेजारच्या संगणकावर आलेली शेवटची ओळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची होती: चिप उत्तर देत नाही. तिने 'नोमोडसेट' लावून तो पुन्हा चालू केला आहे. हे लिहीत असताना त्याचा अकरावा दिवस चालू आहे.